भुईवरचं अंथरूण

६ जानेवारी, सोमवार. कुपवाड

सातारा-सांगली एसटीनं आलो, स्टँडवरून रिक्षा केली. कारखान्यांच्या मागच्या अंगाला एका जुन्या गोदामाची डागडुजी करून हे वृद्धांचं शुश्रूषा केंद्र काढलंय. एका बाजूला बायकांचा हॉल, दुसऱ्या बाजूला पुरुषांचा, मध्ये ऑफिस. दिवसभर कुठूनतरी पत्रा कापल्याचा आवाज येतो. मला मागची खोली दिलीय.

ट्रस्टच्या सरांनी काम थोडक्यात सांगितलं होतं. जी माणसं आता बरी होणार नाहीत त्यांचे शेवटचे दिवस कसे सांभाळायचे, ते इथल्या लोकांना शिकवायचं. महिनाभर राहायचं. फौजेत मी नर्सिंग असिस्टंट म्हणून नोकरी काढली, शेवटची वर्षं कॅन्सर वॉर्डात. गेल्या पावसाळ्यापासून ट्रस्टसाठी मेढ्याकडच्या वाड्यावस्त्यांवर घरोघर जाऊन हेच काम करतो. शिकवायची वेळ मात्र पहिलीच.

दुपारी सगळ्यांना गोळा केलं. लक्ष देऊन ऐकणारे तिघंच. सोनम ही नर्स, नुकती शिकून आलेली, मान वर करून बोलत नाही. मंगल, आयांमधली सगळ्यात जुनी. आणि धुळा, पेशंट उचलतो, गरज पडली की अँब्युलन्सही चालवतो. चाळिशीचा असेल, आटपाडीकडचा धनगर. तोच म्हणाला, "सायेब, माणूस जगवायचं शिकवा की. मरायचं काय शिकवायचं?"

बाकीचे हसले. मीही हसलो. उत्तर सुचलं नाही म्हणून.

९ जानेवारी, गुरुवार

तोंड कोरडं पडतं तेव्हा ओल्या कापसानं ओठ कसे पुसायचे, ते दाखवलं. गिळता येत नसेल तर चमचा कोंबायचा नाही. कूस कशी बदलायची. शेवटी घशात घरघर लागते तेव्हा घाबरून नळी घालायची नाही, एका अंगावर वळवून ठेवायचं. आणि "काही होत नाही, बरे व्हाल" असं खोटं सांगायचं नाही. काय हवंय ते विचारायचं.

मंगल म्हणाली, "इचारलं आणि त्यांनी घरी सोडा म्हणून सांगितलं, तर?"

मी म्हणालो, तरी विचारायचं. तिला ते पटलं नाही. एक आया मध्येच उठून भांडी घासायला गेली.

रात्री साक्षीचा फोन. बाबा, उंब्रजचं घर किती दिवस बंद ठेवणार, म्हणाली. मी म्हटलं, ट्रेनिंग चालू आहे. साताऱ्यात तिच्याकडं रविवारी तरी या, म्हणाली. बघतो म्हटलं.

११ जानेवारी, शनिवार

बनुबाई गेल्या. बायकांच्या हॉलमधल्या, पक्षाघातानं वर्षभर पडून होत्या. कालपासून श्वास बदलला होता. मी सोनमला बाजूला घेऊन सांगितलं, हे शेवटचं आहे, आता जवळ बसायचं. ती बसलीही. तेवढ्यात ऑफिसातून निरोप आला, दवाखान्यात हलवा. धुळानं गाडी काढली. उचलताना बनुबाई कण्हल्या, तेवढीच काय ती त्यांची हरकत. मिरजेच्या रस्त्यावर गाडीतच संपल्या. मुलगी दवाखान्याच्या दारात उभी होती, तिला आई भेटली ती गेलेलीच.

परत आलो तेव्हा मंगल पलंग फिनाईलनं पुसत होती. पलीकडच्या पलंगावरच्या राहीबाई हे सगळं बघत होत्या. त्यांना हाडांचा आजार आहे, बसता येतं, चालता येत नाही. जीभ फार धारदार. कुणाला तरी उद्देशून म्हणाल्या, "गेली का पोचली?"

मंगलनं पलंगाची दुसरी बाजू पुसायला घेतली. 

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

डॉ. वीरधवल यांच्याशी बोललो. केंद्र त्यांचंच. माणूस वाईट नाही. म्हणाले, मागं एक आजोबा इथं गेले तेव्हा त्यांच्या पुतण्यांनी ऑफिसची काच फोडली, मंगलच्या थोबाडीत मारली. तेव्हापासून कुणाचं बरंवाईट व्हायच्या आत गाडीत घालायचं, हा नियम. "सुभेदार, तुम्ही महिन्यानं जाल. मार आम्हाला खायचाय."

मी म्हटलं, एक पेशंट द्या. त्याचे नातेवाईक तयार करू, माणसं तयार करू, आणि त्याला इथंच राहू देऊ. त्यांनी पेशंटांची वही काढून पानं चाळली. मग म्हणाले, जोतीराम.

जोतीराम पुरुषांच्या हॉलमध्ये कोपऱ्यात आहेत. फुफ्फुसाचा कॅन्सर, आता उपचार थांबलेत. आटपाडी तालुक्यातले. गुडघे जाईपर्यंत मेंढरं राखली, दरसाल कोकणापर्यंत खाली जायचे. बायको नाही. एकच मुलगा, गुंडा, कोइमतूरला गलाईचं दुकान चालवतो, सोनंचांदी गाळायचं. वर्षातून एकदा येतो. दम लागल्यामुळे म्हातारा तोडून तोडून बोलतो. डॉक्टरांना सांगून मॉर्फिनची बारीक मात्रा चालू केली, तोंडावर पंखा लावला, संध्याकाळपर्यंत श्वास जरा सुधारला.

सोनमला सांगितलं, आता विचार, काय हवंय. ती विचारताना इतकी घाबरली होती की तिचं तिलाच ऐकू गेलं नसेल. त्यांनी मात्र ऐकलं. पलंगाच्या कठड्यावर हात आपटून म्हणाले, "ह्या लोखंडी पाळण्यात कशाला घातलंय मला? भुई न्हाई व्हय ह्या घरात?"

आज सगळ्यांना बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी होती. त्यांनी भाजीतला एक हरभरा तोंडात धरला, चावला नाही, बराच वेळ धरून ठेवला.

१७ जानेवारी, शुक्रवार

रोज एकच मागणी. खाली घोंगड्यावर घ्या. सोनम विचारते, ते तेच सांगतात. मी नाही म्हटलंय. कारणं साधी आहेत. दम लागणाऱ्या माणसाला टेकून बसवावं लागतं, पलंगाची पाठ वर करता येते. खाली घेतलं तर वाकून वाकून आयांच्या कमरा जातील. घोंगड्याच्या लोकरीनं म्हाताऱ्याची कातडी सोलून निघेल. पाठीला जखम झाली की संपलं.

मंगलचं कारण वेगळं. "भुईवर घेत्यात ते कवा, सांगा. बाकीची म्हातारी बघतील की. उद्या निम्मी जेवायची न्हाईत."

ती म्हणते ते खरं आहे. आमच्याकडंही शेवटच्या घटकेलाच खाली काढतात.

धुळा म्हणाला, आमच्यात तसं नाही. मेंढरामागं माणूस जन्मभर भुईवरच झोपतो, पोरंबाळंही तिथंच होतात. पलंगावर चढवलं तेव्हा त्यांना भ्या वाटलं असेल. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तुमास्नी खंदकात झोप लागायची न्हवं? तसंच हाय त्ये."

मी कधी खंदकात झोपलो नाही, वॉर्डात होतो. पण ते सांगितलं नाही. विषय संपवला. थकवा आलाय. ही माणसं प्रत्येक गोष्टीवर वाद घालतात आणि शिकवलेलं एकही धरत नाहीत. आज सोनमला विचारलं, पेशंटशी बोलण्याच्या पायऱ्या सांग. तिसरीला अडकली.

मंगल जाता जाता म्हणाली, "सुभेदार, जेवलासा का?" जेवलो म्हटलं. खरं तर विसरलो होतो. तिनं डबा ठेवलाय दारात.

२१ जानेवारी, मंगळवार

रविवारी ट्रस्टच्या बैठकीला साताऱ्याला गेलो, काल मेढ्याला दोन जुने पेशंट बघितले. साक्षीकडं जायला वेळ झाला नाही. तिचं घर स्टँडपासून लांब पडतं.

आज दुपारी परत येऊन बघतो तर जोतीरामांचा पलंग रिकामा.  मग खाली लक्ष गेलं. भिंतीला गाद्यांची वळकटी लावून तिला टेकून बसवलंय. खाली हवेची गादी, वर मऊ चादर, आणि घोंगडं अंगाखाली नाही तर मांडीवर, हाताला लागेल असं. ते घोंगडं धुळानं त्याच्या घरून आणलेलं. म्हातारा एका हातानं लोकर चिमटीत धरून होता. झोपला होता तसाच.

मी मंगलला बाहेर बोलावून विचारलं, कुणाला विचारून केलं. ती म्हणाली, "त्येंस्नीच इचारून. तुमीच म्हणालासा की इचारा म्हणून."

बाकीच्या म्हाताऱ्यांचं काय, म्हटलं. तर ती आणि सोनम आधी प्रत्येकाच्या पलंगाशी जाऊन सांगून आल्या होत्या, जोतीरामआज्जांना भुईची सवय आहे, त्यांना भुईवर बरं वाटतं, दुसरं काही नाही. दोघं बिचकले. एकानं विचारलं, मलाही मिळंल का.

पाठ तपासली. लाली नाही. श्वास पलंगावर होता त्यापेक्षा संथ. काढायला खोट सापडली नाही, पण हे बरोबर नाही. मी नसताना असा निर्णय घ्यायचा नव्हता. शिस्त म्हणून काही राहिली नाही.

२२ जानेवारी, बुधवार

व्हायचं ते झालं. गुंडा सकाळी व्हिडिओ कॉल करतो. आज फोन एका नव्या आयानं उचलला आणि काही न सांगता म्हाताऱ्यासमोर धरला. बाप जमिनीवर बसलेला बघून तो ओरडायला लागला, ते ऑफिसात ऐकू आलं. माझा बाप काय मेला व्हय, खाली काढलाय, महिन्याला पैसं कशाचं घेता. मी फोन घेऊन समजवायला गेलो, त्यानं माझं नाव विचारलं, मग फोन बंद केला. थोड्या वेळानं डॉक्टरांना लावून सांगितलं, मोठ्या दवाखान्यात आयसीयूत न्या, मी निघतोय, आणि ज्यानं हे केलं त्याचं नाव मला पाहिजे.

डॉक्टरांनी सगळ्यांना उभं केलं. मंगल पुढं व्हायला लागली. मी म्हणालो, मी सांगितलं होतं खाली घ्यायला.

डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. खाली घेतलं तेव्हा मी इथं नव्हतो हे त्यांना माहीत होतं. तरी पलंगावर घ्या एवढं म्हणाले. आयसीयूचं, मुलगा येईपर्यंत थांबू, हे माझ्या बोलण्यावर कबूल केलं. गुंडाला फोनवर तसं सांगितलं तेव्हा त्याची मुदत फार थोडी होती: मी पोचलो की गाडी दारात पाहिजे.

धुळानं आणि मी जोतीरामांना उचलून पलंगावर ठेवलं. कठडा लावताना त्यांनी आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी मंगल खोलीच्या दारात आली. काहीतरी म्हणायचं असावं. मग चहा ठेवून गेली.

२३ जानेवारी, गुरुवार

जोतीराम भिंतीकडं तोंड करून आहेत. खात नाहीत, बोलत नाहीत. दम वाढला, मात्रा वाढवली. सोनमनं दोनदा विचारलं, काय हवंय. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "इचारू नगंस बाई आता."

सोनम औषधाच्या कपाटाशी उभी राहून रडली. मी म्हटलं, पेशंटसमोर रडायचं नसतं. ती म्हणाली, समोर नाही रडले सर.

कंबर दुखतेय. ट्रस्टच्या सरांना फोन करून सांगावं का, की माझ्याच्यानं हे होत नाही. मेढ्याच्या वाड्यांवरच बरा होतो मी. तिथं कुणाला शिकवायचं नव्हतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

गुंडा आला. कोइमतूरहून बंगळूर, तिथून सांगली, सगळा प्रवास बसनं. पन्नाशीचा, बोटांची टोकं अ‍ॅसिडनं पिवळी पडलेली, शर्ट चुरगळलेला. हातात बदाम-पिस्त्याचा डबा. मी त्याला ऑफिसात बसवून बोलायचं ठरवलं होतं. आधी बसवायचं, मग तुम्हाला काय माहीत आहे ते विचारायचं, मग हळूहळू सांगायचं. तसं शिकवलेलं आहे. पण तो ऑफिसात आलाच नाही, सरळ हॉलमध्ये गेला.

सोनम तिथं ओठ पुसत होती. तो तिला म्हणाला, "ह्येंच्या अंगात काय राह्यलं न्हाई. आयसीयूत न्यायला एवढा उशीर कशाला?"

मी पुढं होत होतो, तोवर ती बोलली. मान खालीच होती.

"दादा, आयसीयूत त्यांना घशात नळी घालतील. हात बांधतील. तुम्हाला काचेतून बघायला लागेल. त्यानं ते बरे होणार असते तर मीच गाडीत बसून गेले असते. ते बरे नाही होणार. ते चाललेत."

 डबा अजून त्याच्या हातातच होता.

"किती दिस?" त्यानं विचारलं.

"थोडे. ते मला सांगता येत नाही." मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तुम्ही आलात ते बरं केलं. परवापासून ते बोलत नाहीयेत. तुम्ही विचारून बघा, त्यांना काय हवंय."

सगळंच चुकलं. बसवलं नाही, एकांत नव्हता, त्याला किती माहीत आहे हे विचारलं नाही, आणि वर रडली. वर्गात हे सगळं पुन्हा घ्यावं लागणार.

गुंडानं डबा पलंगाखाली ठेवला आणि वाकून म्हणाला, "आबा, मी गुंडा. काय पायजे?"

म्हाताऱ्यानं तोंड वळवलं. ओळखलं. दम खात म्हणाला, "खाली घे मला."

गुंडानं कठडा खाली केला. मग धुळाला म्हणाला, "धर रं तिकडनं."

वळकटी, गादी, चादर मंगलनं आधीच काढून ठेवली होती. कधी काढली कळलं नाही.

२५ जानेवारी, शनिवार

गुंडा इथंच राहिला. बापाशेजारी भुईवर झोपला. डॉक्टरांनी त्याच्याकडून सही घेतली की इथंच ठेवायचं, दवाखान्यात हलवायचं नाही. सही केल्यावर तो बाहेर बाकावर येऊन बसला, मीही बसलो.

तो म्हणाला, "सुभेदार, उद्या गावात लोक म्हणतील, गुंडानं पैसं वाचवलं. बापाला आयसीयू दाखवला न्हाई."

मी म्हटलं, म्हणतील.

"तुमच्या घरात असं कोन गेलं, तर तुमी काय केलं असतं?"

याचं उत्तर मी कुणाला दिलेलं नाही. त्याला दिलं. गेल्या माघात माझी मंडळी गेली, माया. हृदयाचा झटका. आम्ही आयसीयूत नेलं आणि ते बरोबरच होतं, तिचं बरं होण्याचं वय होतं, डॉक्टरांनाही आशा होती. झालं नाही, ते वेगळं. "तुमच्या वडलांचं तसं नाही," मी म्हटलं. "तिथं नेणं बरोबर होतं, इथं न नेणं बरोबर आहे. लोकांना दोन्ही एकच दिसतं."

त्यानं विचारलं, शेवटी बोलणं झालं का. मी म्हटलं, काचेपलीकडं होती. मग आत कुणीतरी हाक मारली म्हणून मी उठलो. हाक मारली असावी, असं वाटलं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडा मला लावायला लावला. म्हातारे खुर्च्यांवर बसून होते. राहीबाईंनी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं राष्ट्रगीत म्हटलं.

जोतीराम दिवसभर झोपेत. पाय गार पडायला लागलेत. गुंडाला सोनमनं दाखवलं, हे असं होतं, घाबरू नका. मी पाठीमागं उभा होतो. माझी गरज पडली नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

जोतीराम आज सकाळी गेले. मी तिथं नव्हतो.

काल संध्याकाळी घरघर लागली. मी रात्रभर थांबणार होतो. मंगल म्हणाली, घटकाभर पाठ टेका, काय झालं तर उठवते. मी मागच्या खोलीत आडवा झालो तो उजाडल्यावर जागा झालो. अंगावर रग घातलेला होता, माझा नव्हता. मंगलनं उठवलं नाही. मी चिडून बोललो. ती म्हणाली, तुमी लय दमला हुता.

काय झालं ते सोनमनं सांगितलं, तसं लिहून ठेवतो.

पहाटे घरघर वाढली तेव्हा गुंडा घाबरला, नळी घालून घशातलं काढा म्हणाला. मंगलनं त्याला समजावलं की त्यांना त्याचा त्रास होत नाहीये, ऐकणाऱ्याला होतोय. एका अंगावर वळवून घेतलं, आवाज कमी झाला. सोनम ओठ ओले करत होती. धुळा पायाशी बसला होता, त्याची ड्यूटी संपली होती तरी. उजेड फुटला. बाहेर पहिल्या पाळीच्या मोटरसायकली सुरू झाल्या. बोलायला काही उरलं नव्हतं म्हणून धुळा गुंडाला म्हणाला, तुमच्या आबांची मेंढरं वळवायची हाळी कशी होती, येते का तुमास्नी. गुंडा म्हणाला, मी सोळाव्या वर्षी गाव सोडलं, कुठली येतीय. तरी त्यानं देऊन बघितली. ती इतकी वाईट निघाली की धुळाला हसू आलं. मग धुळानं दिली. गुंडा म्हणाला, ही तुमच्या गावाची, आमची शेवटाला वर जाते. त्यानं पुन्हा दिली. ती चिरकली. दोघं हसायला लागले, मंगल पदर तोंडाला लावून हसायला लागली, सोनमही. पलीकडच्या पलंगावरचा एक आजोबा जागा होऊन म्हणाला, मेंढरं आत शिरली काय. आणखी हसले.

हसू ओसरल्यावर सोनमच्या ध्यानात आलं की श्वास थांबलाय. केव्हा थांबला कुणालाच सांगता येईना. हात लोकरीवरच होता.

हे सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "सर, आम्ही हसत होतो. त्यांना ऐकू गेलं असेल का? असं चालतं का?"

मी म्हणालो, चालतं.

यावर शिकवण्याच्या पुस्तकात काही नाही. 

अंघोळ गुंडानं आणि धुळानं घातली. मंगलनं पाणी तापवून दिलं. गाडी पुढच्या दारानं गेली, गावाकडं. डॉक्टर पायरीवर उभे होते, हात जोडून. गुंडानं जाताना मंगलला काहीतरी द्यायचा प्रयत्न केला, तिनं घेतलं नाही. मग तो माझ्याकडं आला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि गाडीत बसला. माझं त्यात काही नव्हतं, हे त्याला सांगायचं राहिलं.

३० जानेवारी, गुरुवार

डॉक्टरांनी सांगितलं, यापुढं घरच्यांशी आधी बोलून, ते तयार असतील तर इथंच ठेवायचं. बोलायचं काम सोनमकडं. मी म्हटलं, तिला पायऱ्या अजून नीट येत नाहीत. ते म्हणाले, बघू.

सरांना अहवाल पाठवला. प्रशिक्षण अपुरं, असं लिहिलं. कर्मचारी परस्पर निर्णय घेतात, ठरलेल्या क्रमानं बोलत नाहीत, भावना आवरत नाहीत, प्रशिक्षकाला वेळेवर बोलावत नाहीत. आणखी एक महिना लागेल. संध्याकाळी सरांचा फोन आला. अहवाल वाचून ते हसत होते. म्हणाले, आप्पासो, महिना वगैरे काही नको, तुम्ही आठ दिवस सुट्टी घ्या. मी नको म्हणणार होतो. पण म्हणालो, बरं.

साक्षीला फोन केला की सोमवारी उंब्रजला येतोय, आईचं वर्ष घरीच करू. ती बराच वेळ काही बोललीच नाही. कारखान्यांमुळे इथं लाईन खराब असते.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी शेवटची फेरी मारली. धुळा गाडी धुवत होता. मी त्याला म्हटलं, पहिल्या दिवशी तू विचारलं होतंस, मरायचं काय शिकवायचं, तेव्हा मला उत्तर आलं नव्हतं. तो म्हणाला, मी असं इचारलं हुतं व्हय, आणि पुढचा टायर धुवायला गेला.

बायकांच्या हॉलमध्ये सोनम एका आजींच्या नातवाला आणि सुनेला घेऊन बसली होती. तिघंही खुर्च्यांवर. आजींना आता गिळता येत नाही. सून रडत होती, सोनम तिच्याकडं पाण्याचा ग्लास सरकवत होती. मी दारातच थांबलो. तिनं मला बघितलं, पण मदतीला बोलावलं नाही.

राहीबाईंनी हाक मारली. "सुभेदार, निगाला म्हनं."

हो म्हटलं.

"मग माझ्या टायमाला कोन?"

त्यांना वर्ष-दीड वर्ष सहज आहे. पण खोटं सांगायचं नाही, हे मीच शिकवलेलं. मी म्हटलं, कळवा, मी येईन उंब्रजहून. तीन तासांचा रस्ता आहे.

राहीबाईंनी सोनमकडं बघितलं. ती आता त्या सुनेचा हात धरून काहीतरी सांगत होती, ऐकू येत नव्हतं. 

"नगं," म्हणाल्या. "येवढ्या लांबनं कशाला येताय? ही हाय की. तुमी जावा आता घरी."

मी म्हटलं, बरं. बाहेर आल्यावर जरा वाईट वाटलं. कशाचं, ते कळलं नाही.

मंगलनं भाकरी बांधून दिली होती. सांगलीला एसटी लगेच मिळाली, खिडकीशी जागा मिळाली. कराड कधी गेलं कळलं नाही. शेवटी कंडक्टरनं खांद्याला हात लावून उठवलं, काका, उंब्रज आलं. सगळी गाडी थांबली होती माझ्यासाठी.